अभिजात कादंबरी आणि वाचकाची वही

'अ‍ॅना कॅरेनिना' वाचली आहे का, असा प्रश्न केला तर होकार देणारे पुष्कळ भेटतात. कादंबरीचा शेवट कसा होतो, असे पुढे विचारले की बहुधा एकच उत्तर येते : अ‍ॅना आगगाडीखाली जीव देते. पण कादंबरी तेथे संपत नाही. टॉलस्टॉयच्या या कादंबरीचे आठ भाग आहेत आणि अ‍ॅनाचा मृत्यू सातव्या भागाच्या अखेरीस येतो. त्यानंतर अख्खा आठवा भाग उरतो. तो मुख्यतः लेव्हिनचा आहे; त्याची शेती, त्याचे तान्हे मूल, जगावे कशासाठी हा त्याला छळणारा प्रश्न आणि त्याला गवसलेले त्याच्यापुरते उत्तर, असा तो भाग आहे. कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात 'रूस्की वेस्तनिक' या मासिकातून क्रमशः येत होती. सर्बियाच्या मदतीस निघालेल्या रशियन स्वयंसेवकांविषयीची टॉलस्टॉयची मते न रुचल्याने संपादक कात्कोव्ह यांनी हा शेवटचा भाग छापण्याचे नाकारले आणि टॉलस्टॉय यांनी तो स्वतंत्रपणे छापून घेतला. ज्या पानांसाठी लेखकाने संपादकाशी वैर पत्करले, नेमकी तीच पाने वाचकांच्या स्मरणातून गळून पडावीत, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

होकार देणारे खोटे बोलतात असे मुळीच नाही. त्यांनी पुस्तक वाचलेले असते, कित्येकदा मनापासून वाचलेले असते. पण अभिजात कादंबरीची गोष्टच अशी की, ती हाती येण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असते. तिच्यावरचा चित्रपट पाहिलेला असतो, महाविद्यालयात गाइडमधून तिचे कथानक पाठ केलेले असते, कुणा व्याख्यात्याने तिचे मर्म दोन वाक्यांत सांगून टाकलेले असते. वाचताना या ऐकीव ज्ञानाखालून आपले स्वतःचे काही अनुभव डोके वर काढतात. पण पुस्तक मिटले, वर्ष-दोन वर्षे गेली, की ते पुसट होतात आणि ऐकीव तेवढे शिल्लक राहते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' घ्यावी. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिचे नाव निघाले की केशवपनाचा प्रसंग आठवतो आणि तेवढाच आठवतो. यमूचे लहानपण, दादाशी असलेले तिचे नाते, दुर्गीशी चालणाऱ्या गप्पा, मुंबईतल्या संसाराचे मोजके सुखाचे दिवस, हे सारे त्या एका प्रसंगाच्या सावलीत झाकले जाते. वास्तविक तो प्रसंग असह्य होतो तो आधीच्या या हसत्या-खेळत्या पानांमुळे. ती पाने विसरलेल्या वाचकाच्या हाती शोकांतिकेचा केवळ निष्कर्ष उरतो.

वाचनाची वही ठेवायची ती यासाठी. स्मरणशक्ती वाढविण्याचा तो उपाय नव्हे, आणि 'या वर्षी किती पुस्तके झाली' याचा हिशेब तर नव्हेच. आपले वाचन आपले स्वतःचे राहावे, यासाठी केलेली ती तजवीज आहे. कादंबरीचे कथानक कोठेही मिळते, समीक्षाही मिळते. अमुक प्रकरण वाचत असताना, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, आपल्या मनात काय आले, ही गोष्ट मात्र आपण लिहून ठेवली तरच मिळते.

ही सवय काही नवी नाही. आपल्या जुन्या घरांतून हाताने लिहिलेली बाडे असत. आवडलेले अभंग, आर्या, श्लोक, औषधांचे पाठ, सारे एकात एक उतरवलेले. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. कागदाच्या चोहोबाजूंनी मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर जाणार नाही, इतका बारीक व्यवहार समर्थांनी त्यात सांगून ठेवला आहे. युरोपात अशा टिपणवह्यांची शिस्त फार पुढे गेली. जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने टिपणांची अनुक्रमणिका लावण्याची एक पद्धतच रचली. ती प्रथम १६८६ साली फ्रेंच भाषेत आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून वहीच्या आरंभीच्या दोन पानांतच सगळी सूची मावेल, अशी ती युक्ती होती. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० अशी बावीस-तेवीस वर्षे वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या वह्यांतून ठेवल्या. (याच डार्विनने उतारवयात, दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा असे आत्मवृत्तात लिहिले आहे! त्याच्यापुढे हरिभाऊंची कादंबरी ठेवण्याचे धाडस कोणी केले नसते.) महात्मा गांधींनी १९२२ ते १९२४ या येरवड्याच्या कारावासात वाचलेल्या पुस्तकांची नोंद आपल्या तुरुंगातील रोजनिशीत ठेवली होती. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या वाचनाच्या सदुसष्ट वह्यांचे वर्णन अभ्यासकांनी १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या स्वतः मोठ्या कादंबरीकार होत्या, तरी दुसऱ्याचे पुस्तक वाचताना वही बाजूला ठेवावी असे त्यांना वाटले नाही.

कादंबरी वाचताना टिपण कसे ठेवावे, याचा उत्तम वस्तुपाठ व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी घालून दिला आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे दहा वर्षे ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात युरोपीय कादंबरी शिकवीत. ती व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९८० आणि १९८१ साली पुस्तकरूपाने आली. त्यांतील पानापानांवर त्यांच्या हातची रेखाटने आहेत : 'युलिसिस'मधील डब्लिनच्या रस्त्यांचा नकाशा, काफ्काच्या ग्रेगोर साम्साचे रूपांतर ज्या किड्यात होते त्याची आकृती, अ‍ॅना ज्या रात्रीच्या गाडीने मॉस्कोहून पीटर्सबर्गला परतते त्या गाडीच्या डब्याची मांडणी. परीक्षेत ते एमा बोव्हारीचे डोळे, हात, छत्री, केशरचना, पोशाख आणि पादत्राणे यांचे वर्णन करा, असा प्रश्न घालीत. हा छांदिष्टपणा वाटेल. थोडासा तो होताही. पण त्यामागची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. कादंबरीचा 'आशय' कोणीही तोंडावर फेकू शकतो. छत्रीचा रंग मात्र वाचणाऱ्यालाच ठाऊक असतो.

तपशील टिपल्याने काय हाती येते, याचे उत्तर 'अ‍ॅना कॅरेनिना'तच आहे. पहिल्या भागात अ‍ॅना मॉस्कोच्या स्थानकावर उतरते तेव्हा रेल्वेचा एक कामगार गाडीखाली सापडून मरतो. परतीच्या प्रवासात ती आपल्या लाल पिशवीतून पाने कापायची सुरी आणि एक इंग्रजी कादंबरी काढते, आणि वाचता वाचता तिला वाटू लागते की दुसऱ्यांचे जगणे वाचीत बसण्यापेक्षा स्वतःच जगावे. शेकडो पानांनंतर, शेवटच्या क्षणी, ती लाल पिशवी पुन्हा येते. हातातून ती काढताना अ‍ॅनाला क्षणभर उशीर होतो. ज्याने पहिल्या भागाच्या वाचनात वहीत 'लाल पिशवी' एवढे दोन शब्द टाकले असतील, त्याला सातव्या भागात जो धक्का बसेल, तो कोणत्याही समीक्षेने बसणार नाही. दोन शब्दच पुरतात.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. साधी दोनशेपानी वही पुरेशी आहे. संगणकावरही नोंदी ठेवता येतात आणि शोधायला त्या सोप्या पडतात. पण कादंबरी वाचणारा बहुधा पडून किंवा आरामखुर्चीत वाचतो आणि त्या वेळी हाताशी वही-पेन्सिलच बरी. वहीच्या उजव्या पानावर लिहावे आणि डावे पान कोरे सोडावे. हे कोरे पान उधळपट्टी नव्हे; त्याचा उपयोग पुढे सांगतो. आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, मूळ प्रकाशनाचे वर्ष, आपल्या हातातील आवृत्ती आणि वाचायला घेतल्याची तारीख लिहावी. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव विसरू नये. आपण दोस्तोएव्हस्की मराठीतून वाचतो तेव्हा तो अनेकदा रशियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा दोन नद्या ओलांडून आलेला असतो. एखादे वाक्य अवघडलेले वाटले तर दोष लेखकाचा की वाटेतला, हे ठरविण्यासाठी एवढी माहिती जवळ हवी. उतारा नोंदताना पृष्ठाबरोबर प्रकरणाचा क्रमांकही लिहावा. आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांक निरुपयोगी होतात, प्रकरण मात्र जागचे हलत नाही. ग्रंथालयातून पुस्तके आणणाऱ्यांना तर हे विशेष लागू आहे, कारण पुस्तक परत केल्यावर त्यांच्यापाशी वहीखेरीज काहीच उरत नाही.

रशियन कादंबऱ्यांच्या वाटेला न जाणारे वाचक नावांच्या घोटाळ्याची तक्रार करतात. तक्रार रास्त आहे. 'गुन्हा आणि शिक्षा'चा नायक कधी रास्कोल्निकोव्ह असतो, कधी रोदियोन रोमानोविच, तर आईच्या तोंडी रोद्या. त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्हना आणि दुन्या या दोघी एकच. 'युद्ध आणि शांती'त तर पाचशेहून अधिक पात्रे आहेत. वहीचे एक पान वंशावळीला दिले की हा अडसर दूर होतो. पण एवढ्यावर न थांबता कोण कोणाला कोणत्या वेळी कोणत्या नावाने हाक मारतो, हेही टिपून पाहावे. नावातला बदल हा नात्यातला बदल असतो. माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे, ही रीत ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्या समाजातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

सर्वांत मोलाची नोंद असते ती मधल्या मुक्कामांवरची. पुस्तक संपल्यावर लिहिलेला अभिप्राय नेहमी थोडा शहाणा असतो. शेवट कळलेला असतो आणि आपल्याला आधीपासून सगळे कळत होते, असे मन स्वतःला पटवून देते. म्हणून पुस्तकाच्या तिसऱ्या हिश्शावर आणि दोन तृतीयांशावर थांबून पाच-सात ओळी लिहाव्यात : आता कोणाची बाजू खरी वाटते, काय व्हावेसे वाटते, काय होईलसे वाटते. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी कादंबऱ्या मुळात हप्त्याहप्त्याने वाचल्या गेल्या, आणि दोन हप्त्यांच्या मध्ये वाचक हेच तर करीत असत. चार्ल्स डिकन्स यांची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात आली. तिचा मूळचा शेवट पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट करणारा होता. कादंबरीकार बुलवर-लिटन यांनी सुचविल्यावरून डिकन्स यांनी तो बदलला आणि दोघांची भेट पडक्या वाड्याच्या बागेत घडवून आणली. कोणता शेवट खरा, यावर समीक्षक आजही भांडतात. वाचकाने शेवटच्या प्रकरणाआधी थांबून आपल्या मनातला शेवट वहीत लिहावा आणि मग पुढे वाचावे. या भांडणात त्याचेही एक मत तयार होईल, आणि ते कुणाकडून उसने घेतलेले नसेल.

याच कारणासाठी प्रस्तावना शेवटी वाचावी. अभिजात कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांना विद्वानांच्या दीर्घ प्रस्तावना जोडण्याची प्रथा आहे. त्या मोलाच्या असतात. पण त्या लिहिणारे, वाचकाने पुस्तक आधीच वाचले आहे असे गृहीत धरून शेवट उघड करतात. चित्रपटाचेही तसेच. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ची आणि अमोल पालेकर यांचा तीवरील चित्रपट १९९५चा. चित्रपट चांगला आहे म्हणूनच पुस्तक आधी वाचून आपल्या मनातली वाडी आधी लिहून ठेवलेली बरी. पडद्यावरचे चेहरे एकदा मनात बसले की हटत नाहीत.

वहीत काय लिहू नये, हेही सांगितले पाहिजे. कथानकाचा सारांश चार ओळींहून मोठा नको. 'हृदयस्पर्शी', 'वास्तववादी', 'जीवनाचे दर्शन घडविणारी' ही विशेषणे तर मुळीच नकोत. ती पुस्तक न वाचताही लिहिता येतात. गुण देणे, तारे देणे हे उपाहारगृहांसाठी ठीक आहे. त्याऐवजी एक प्रश्न प्रत्येक कादंबरीला विचारावा : ही गोष्ट सांगतो कोण, आणि तो काय सांगत नाही? मराठी कादंबरीला हा प्रश्न विशेष मानवतो. 'पण लक्षात कोण घेतो!' यमूच सांगते. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण'मध्ये बोटीवरच्या त्या काही दिवसांची हकिगत चक्रधर सांगतो, हॅर्टा नव्हे. वामन मल्हार जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' पत्रांतून उलगडते. म्हणजे तिथे प्रत्येक जण कोणाला तरी उद्देशून बोलतो आणि त्या माणसापुरते काही झाकतो. हा एक प्रश्न धरून ठेवला तर अर्धे पान आपोआप भरते.

कंटाळाही नोंदावा. अभिजात म्हटले की कंटाळ्याची कबुली देणे पुष्कळांना अपराधासारखे वाटते आणि वहीतसुद्धा ते खोटे लिहितात. मग ती वही कोणासाठी? 'युद्ध आणि शांती'मधील इतिहासमीमांसेची प्रकरणे जड जातात, जुन्या मराठी कादंबऱ्यांतील उपदेशाचे परिच्छेद आज लांबलेले वाटतात. जिथे वाटले तिथे तसे लिहावे. पुस्तक अर्धवट सोडले तर कोणत्या प्रकरणाशी सोडले आणि का, ते एका ओळीत टिपावे. दहा वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटले तर ही ओळ फार उपयोगी पडते; अनेकदा तर ती ओळच ते पुस्तक पुन्हा उघडायला लावते.

आता त्या कोऱ्या डाव्या पानाविषयी. अभिजात कादंबरी ही पुन्हा वाचायची असते, आणि दुसऱ्या वाचनाच्या नोंदी पहिल्या नोंदींच्या समोर, त्याच प्रकरणाच्या शेजारी लिहाव्यात म्हणून ते पान राखलेले असते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. ती कॉलेजात असताना वाचणारा बहुधा पांडुरंग सांगवीकरच्या डोळ्यांनी पुणे पाहतो. मेसचे हिशेब, मित्र, रात्रीची भटकंती, सगळ्या जगाला दिलेली ती उडवाउडवीची उत्तरे. वहीत तेच उतरते, बहुधा त्याच उर्मट भाषेत. तोच वाचक पंचेचाळिसाव्या वर्षी, घरात स्वतःचा कॉलेजात जाणारा मुलगा असताना, ती पुन्हा वाचतो तेव्हा पैसे मागणाऱ्या मुलापेक्षा ते पाठविणारे वडील त्याला अधिक दिसू लागतात. मनीच्या मृत्यूची पाने मात्र दोन्ही वेळी तशीच बसतात. हा फरक आणि हे साम्य केवळ आठवणीच्या भरवशावर कळत नाही, कारण पंचेचाळिसाव्या वर्षी आपण विसाव्या वर्षी काय वाटले होते ते प्रामाणिकपणे आठवूच शकत नाही. आजचे मत मागे ढकलून आपण मोकळे होतो. दोन शाईंतली दोन पाने समोरासमोर आली की ही सोय राहत नाही. म्हणून जुनी नोंद कितीही बाळबोध वाटली तरी ती खोडू नये, दुरुस्तही करू नये.

अनुक्रमणिका मागाहून करायची म्हटले की ती कधीच होत नाही. म्हणून पहिली चार पाने आधीच सोडून ठेवावीत. लॉकची स्वरांची युक्ती देवनागरीला नीटशी जुळत नाही. पण क, च, ट, त, प हे वर्ग आणि उरलेली अक्षरे असे रकाने पाडून कादंबऱ्यांची व लेखकांची नावे पानक्रमांकासह टाकीत गेले की दहा वर्षांच्या वह्याही हाताळता येतात. रोज लिहिण्याचे बंधन घालू नये. वाचन झाले त्या दिवशी दहा मिनिटे, आणि पुस्तक संपल्यावर चोवीस तासांच्या आत अर्धे पान, एवढे पुरे होते. त्याहून अधिक वेळ जाऊ लागला तर वहीच वाचनाच्या आड येऊ लागली आहे, असे समजावे.

पहिलीच नोंद 'युद्ध आणि शांती'ची करायला निघालेल्यांच्या वह्या बहुधा विसाव्या पानावर थांबतात. त्यापेक्षा 'रणांगण' घ्यावी. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आकाराने लहान आहे, दोन-तीन बैठकांत संपते. पात्रे बोटीवरची, मोजकी. स्थळ आणि काळ आखलेला. दुसरे महायुद्ध दाराशी आलेले. बोट सोडून कोण कुठे उतरते आणि त्या उतरण्याचा अर्थ प्रत्येकाच्या बाबतीत काय होतो, एवढे वाचताना टिपीत जावे. आणि चक्रधर स्वतःविषयी जे सांगतो त्यातले किती खरे मानायचे, हे पुस्तक निम्मे झाल्यावर एकदा आणि संपल्यावर पुन्हा एकदा लिहावे. डावे पान अर्थातच कोरे ठेवून.